दोर कोणाच्या हाती?

वाचकहो, गेल्या महिन्यात आमच्याकडे एका भगिनीचे पत्र आले. वहीच्या एकाच पानावर, दोन्ही बाजूंनी, दाटीने लिहिलेले. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा असून तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकतो. अभ्यासात बरा, स्वभावाने गरीब, रविवारी मिस्साला वेदीसेवक म्हणून उभा राहणारा. ह्या मुलाला अलीकडे साहसपटांचे वेड लागले आहे. उभे कडे चढणारे, बर्फाच्या उतारांवरून घसरत जाणारे, डोंगराएवढ्या लाटांवर फळी घेऊन उभे राहणारे लोक तो रात्र रात्र मोबाईलवर पाहत बसतो.

त्यांच्या गावाबाहेर चिऱ्यांची एक जुनी, सोडून दिलेली खाण आहे. एके दिवशी दुपारी हा मुलगा त्या खाणीच्या उभ्या भिंतीवर दोर न बांधता, अनवाणी चढू लागला. त्याचा सोबती खाली उभा राहून मोबाईलवर त्याचे चित्रण करीत होता. पंधरा-वीस हात उंचीवर एक चिरा निसटला आणि मुलगा खाली आला. देवाची दया म्हणून मनगटावर निभावले. सोबत्यानेच त्याला दुचाकीवर बसवून दवाखान्यात नेले. परंतु पडतानाचे जे चित्रण झाले होते, ते संध्याकाळपर्यंत गावभर फिरले, आणि आईने ते प्रथम शेजारणीच्या हातातील मोबाईलवर पाहिले.

“आता तो म्हणतो की, चित्रपटातला तो माणूस याच्या शंभरपट उंच कडा चढला, त्याला कोणी वेडा म्हणत नाही,” असे त्या लिहितात. “हे चित्रपट घरात बंद करावेत काय? की आम्हीच जुन्या विचारांची माणसे म्हणून गप्प बसावे?”

खरे सांगावयाचे तर, पत्र वाचताच ‘बंद करा’ हे उत्तर आमच्या लेखणीच्या टोकावर आले होते. परंतु जी गोष्ट आपण पाहिलेली नाही तिच्यावर निवाडा देणे बरे नव्हे. आमचा एक भाचा ह्याच वयाचा आहे. त्याला आम्ही सोबतीस घेतले, आणि काही दिवस रोझरी व जेवण आटोपल्यावर मामा-भाचे मिळून हे चित्रपट पाहावयास बसलो. जे पाहिले, आणि त्यानिमित्ताने जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात आली, ती ही की, ही टूम आजची नव्हे. १९२४ साली ब्रिटिश मंडळींनी तिबेटच्या बाजूने एव्हरेस्ट चढण्याचा यत्न केला, तेव्हा त्यांच्याबरोबर जॉन नोएल नावाचे एक चित्रणकार होते. जून महिन्याच्या ८ तारखेला मॅलरी व आयर्विन हे दोघे शिखराच्या दिशेने जाताना अखेरचे दिसले व ढगांत नाहीसे झाले. दोन दिवसांनी वरच्या ठाण्यावरील सोबत्यांनी खालच्या मंडळींसाठी खूण म्हणून बर्फावर घोंगड्या क्रुसाच्या आकारात अंथरल्या. ‘आशा संपली’ असा त्या खुणेचा अर्थ आधीच ठरलेला होता. नोएल यांनी लांब पल्ल्याच्या भिंगातून ती खूण टिपली, आणि त्यांच्या ‘द एपिक ऑफ एव्हरेस्ट’ या मूकपटात ती आजही पाहावयास मिळते. पांढऱ्या बर्फावर एवढासा काळा क्रूस! भाच्याने चित्र तेथेच थांबवले, आणि आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

मॅलरींचा देह १९९९ साली सापडला. आयर्विन यांचा काही ठाव नव्हता. पुढे २०२४ च्या सप्टेंबरात, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, रोंगबुक हिमनदीवर एक जुना बूट वितळत्या बर्फातून वर आला. आतील मोज्यावर आयर्विन यांच्या नावाची पट्टी शिवलेली होती. तो बूट ज्यांच्या दृष्टीस पडला त्या तुकडीचे प्रमुख होते जिमी चिन, स्वतः एक गिर्यारोहक आणि आजच्या काळातील नामांकित चित्रणकार. मुलाने आईला ज्या चित्रपटाचा दाखला दिला, तो बहुधा ह्यांचाच असावा. आता त्याच्याकडे वळू.

त्याचे नाव ‘फ्री सोलो’. जिमी चिन व त्यांच्या पत्नी एलिझाबेथ चाय वासरहेली यांनी तो २०१८ साली प्रसिद्ध केला आणि पुढील वर्षी त्यास उत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील योसेमिटी येथे एल कॅपिटन नावाचा सुमारे ९०० मीटर उंचीचा ग्रॅनाईटचा कडा आहे. ३ जून २०१७ रोजी अ‍ॅलेक्स होनोल्ड नावाचा तरुण ह्या कड्यावर दोराविना, एकटा चढून गेला. चार तासांना चार मिनिटे कमी, एवढा वेळ त्याला लागला. वाटेत कोठेही पाय सरकला असता तर चित्रपटाला वेगळाच शेवट लाभला असता.

मोबाईलवर मुले पाहतात ती नेमकी ही चार मिनिटे किंवा दहा मिनिटे: निळे आकाश, पिवळसर खडक आणि त्यावर मुंगीसारखा सरकणारा माणूस. परंतु संपूर्ण चित्रपट दीड तासाहून अधिक आहे, आणि त्या दीड तासात चढाई थोडी व तयारीच फार आहे. होनोल्ड हा लहानपणापासून चढतो आहे. ह्या एका वाटेवर त्याने दोर बांधून कितीतरी वेळा चढ-उतार केली, हात कोठे ठेवावा, पाऊल कोठे टेकावे हे वहीत टिपून पाठ केले, वाटेवरचे सुटे दगड काढून टाकले. ह्या सरावात तो पडलाही, पण दोर होता, म्हणून घोट्याच्या दुखापतीवर निभावले. आणि २०१६ च्या हिवाळ्याच्या तोंडी, सर्व तयारी झालेली, सगळे कॅमेरे ठिकठिकाणी लटकलेले, अशा वेळी कड्यावर थोडे चढून गेल्यानंतर त्याचे मन मानेना. तो परत फिरला. एवढी माणसे डोळे लावून बसली असताना परत फिरला! आम्हांला विचाराल तर त्या चित्रपटातील सर्वांत धैर्याचा प्रसंग हा.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्यामागच्या माणसांची. ते सगळे होनोल्डचे मित्र आणि स्वतः निष्णात आरोहक. आपल्या असण्याने ह्याचे लक्ष विचलित झाले आणि तो पडला तर त्याच्या मृत्यूला आपण कारण होऊ, ही टोचणी त्यांना सतत आहे. म्हणून सर्वांत कठीण जागी त्यांनी माणूस ठेवलाच नाही, दुरून चालणारे यंत्र ठेवले. आणि तळाशी उभा असलेला एक चित्रणकार त्या क्षणी आपल्याच कॅमेऱ्याकडे पाठ फिरवतो. त्याला ते पाहवत नाही. भाचा म्हणाला, “मामा, आपण मात्र डोळे फाडून पाहत होतो.” आम्ही काय उत्तर देणार?

आता दुसऱ्या एका प्रश्नाकडे वळू. कड्यावर जो दिसतो त्याचे नाव जगाला कळते. पण त्याचे ओझे कोणी वाहिले?

१९७० साली युइचिरो मिउरा नावाच्या जपानी गृहस्थांनी एव्हरेस्टवरून स्कीने उतरण्याचा बेत केला. स्की म्हणजे पायांस बांधावयाच्या दोन लांब पट्ट्या, ज्यांवर उभे राहून बर्फावरून घसरत जातात. ६ मे रोजी सुमारे ८,००० मीटर उंचीवरील खिंडीपासून ते निघाले. वेग आवरण्यासाठी पाठीला हवाई छत्री बांधली होती, पण विरळ हवेत तिचा पुरेसा उपयोग झाला नाही. मिउरा कोसळले आणि सुमारे ४०० मीटर गडगडत, घसरत जाऊन एका प्रचंड हिमभेगेच्या अलीकडे थांबले. सगळा प्रकार अडीच मिनिटांच्या आत आटोपला. ते वाचले, पुढे २००३ साली वयाच्या सत्तराव्या, २००८ साली पंचाहत्तराव्या आणि २०१३ साली ऐंशीव्या वर्षी त्यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले. ह्या उतरणीवरून तयार झालेल्या ‘द मॅन हू स्कीड डाऊन एव्हरेस्ट’ या कॅनडात निर्माण झालेल्या चित्रपटास १९७५ सालच्या माहितीपटांत ऑस्कर पारितोषिक मिळाले.

परंतु त्या अडीच मिनिटांच्या आधी, एप्रिल महिन्यात, खुंबू येथील बर्फाच्या पडझडीत ह्याच मोहिमेचे सहा शेर्पा दबून मेले. चित्रपटाने ही गोष्ट लपविलेली नाही, हे त्याचे मोठेपण. मोहीम पुढे चालू ठेवावी की परतावे, हा प्रश्न मिउरांपुढे उभा राहतो. ते पुढे जातात. प्रेक्षक म्हणून आपणही त्यांच्याबरोबर पुढे जातो. पण ती सहा घरे कोठे गेली, हे मनातून जात नाही.

ही हकीगतही जुनीच आहे. १९२२ सालच्या ब्रिटिश मोहिमेत ७ जून रोजी हिमप्रपात झाला आणि सात भारवाहक मरण पावले. साहेब मंडळींपैकी कोणासही इजा झाली नाही. त्यांच्यातील डॉ. सॉमरवेल यांना ही गोष्ट आयुष्यभर सलत राहिली; आपल्यापैकी एखादा तरी त्यांच्याबरोबर जावयास हवा होता, असे त्यांना वाटे. हे तेच सॉमरवेल, ज्यांनी त्यावेळच्या त्रावणकोर संस्थानातील नेय्यूर येथे मिशनच्या रुग्णालयात पुढे कित्येक वर्षे शस्त्रवैद्य म्हणून सेवा केली. विलायतेत त्यांना मान आणि पैसा दोन्ही मिळाले असते.

ह्याच विषयावर जेनिफर पीडम या ऑस्ट्रेलियन बाईंचा ‘शेर्पा’ हा २०१५ चा चित्रपट आहे. फुर्बा ताशी हे एकवीस वेळा एव्हरेस्ट चढलेले शेर्पा. बाविसावी चढाई झाली असती तर तो विक्रम ठरला असता. त्यांनी आता जाऊ नये अशी घरच्यांची विनवणी आहे. बाईंनी चित्रण सुरू केले ते त्यांच्या कामाची हकीगत सांगावी म्हणून. परंतु १८ एप्रिल २०१४ रोजी पहाटे खुंबूच्या त्याच वाटेवर बर्फाचा कडा कोसळला आणि दुसऱ्यांची ओझी वाहणारे सोळा नेपाळी कामगार मेले. सरकारने प्रारंभी घरटी चाळीस हजार नेपाळी रुपये देऊ केले. तेव्हा शेर्पांचा संताप अनावर झाला आणि ‘यंदा चढाई नाही’ असा निर्धार त्यांनी केला. पैसे भरून आलेले परदेशी पाहुणे तंबूत बसून राहिले. फुर्बा ताशी घरी परतले.

हा चित्रपट संपल्यावर भाच्याने शेवटची नामावळी पूर्ण पाहिली. एरवी तो नावे सुरू होताच उठतो.

ह्यानंतर आम्ही ‘टचिंग द व्हॉइड’ पाहिला. तो केव्हिन मॅकडोनल्ड यांनी २००३ साली काढला. हकीगत १९८५ ची. पेरू देशातील ६,३४४ मीटर उंचीच्या सिउला ग्रांदे शिखरावरून जो सिम्पसन व सायमन येट्स हे दोन इंग्रज तरुण उतरत होते. सिम्पसनचा पाय मोडला. अशा जागी पाय मोडणे म्हणजे मरण. परंतु येट्सने त्यास सोडले नाही. बर्फात खड्डा करून त्यात बसावयाचे, मित्राला दोराने खाली सोडावयाचे, मग आपण उतरावयाचे, असे वादळात आणि अंधारात त्याने तासन् तास केले. अखेर सिम्पसन एका कड्यावरून खाली अधांतरी लोंबकळू लागला. वरच्याला खालचा दिसेना, हाक ऐकू येईना. आणि त्याच्या वजनाने येट्स स्वतः हळूहळू खाली ओढला जाऊ लागला. तेव्हा त्याने दोर कापला.

सिम्पसन खोल हिमभेगेत पडला, पण जिवंत राहिला. मित्र मेला असे समजून येट्स खिन्न मनाने तळावर गेला. इकडे सिम्पसन त्या भेगेतून बाहेर पडला आणि अन्नावाचून, मोडका पाय ओढीत, काही दिवस सरपटत तळाजवळ पोहोचला.

दोर कापणे हे पाप होते काय? आमच्या घरी ह्यावर मोठा वाद झाला. आमच्या वहिनींचे म्हणणे, “मित्राचा दोर कापणारा तो मित्र कसला?” भाच्याचे म्हणणे, “कापला नसता तर दोघेही मेले असते.” आम्हांला एवढेच सुचले की, ज्याचा दोर कापला गेला त्या सिम्पसनने येट्सला कधीही दोष दिला नाही. उलट लोकांनी येट्सवर टीका केली तेव्हा तोच त्याच्या बाजूने उभा राहिला. त्या घटकेपर्यंत येट्सने जे केले होते ते किती मोठे होते, हे त्यालाच ठाऊक होते. दोर कापला हे जगाने लक्षात ठेवले. तो इतके तास कोणी धरून ठेवला होता, हे मात्र जग विसरले.

ह्या चित्रपटातील एक गोष्ट आम्ही लपवून ठेवणार नाही. सिम्पसन सांगतो की, तो कॅथॉलिक घरात वाढला, पुढे श्रद्धा सुटली; संकटात आपल्याला पुन्हा प्रार्थना आठवेल काय असे त्याला नेहमी वाटे; पण त्या काळोख्या भेगेत ती त्याला आठवली नाही. हे ऐकून आमच्या मनाला चटका बसला. परंतु तोंडदेखले काही न बोलता त्याने जे खरे ते सांगितले, याचे मोलही वाटले. शेवटी शेवटी तो केवळ एका इच्छेने सरपटत राहिला: मरावयाचेच असेल तर कोणाच्या तरी जवळ मरावे. माणसाला माणूस हवा असतो. एवढे तरी त्या बर्फातून तो घेऊन आला.

आता अशा एका तरुणाविषयी, ज्याला चित्रणाची हौसच नव्हती. मार्क-आंद्रे लेक्लेर हा कॅनडातील मुलगा. पीटर मॉर्टिमर व निक रोझन यांनी त्याच्यावर ‘द अ‍ॅल्पिनिस्ट’ हा चित्रपट काढावयास घेतला, तेव्हा हा मधूनच नाहीसा होई. माऊंट रॉबसन शिखराची एक भयंकर बाजू तो एकट्याने चढून आला आणि चित्रणकारांना त्याची वार्ताही नव्हती. त्याचे म्हणणे असे की, चित्रण करणारे बरोबर असतील तर ती चढाई एकट्याची कशी म्हणावी? आजकाल जेवणाच्या ताटाचेही चित्र काढून जगाला दाखविण्याची रीत आहे. त्या काळात हा मुलगा आपले सर्वांत मोठे काम कोणालाही न दाखवता करून येतो, ह्याचे आम्हांला मोठे कौतुक वाटले.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. मार्च २०१८ मध्ये अलास्कातील मेंडेनहॉल सुळक्यांवरून उतरताना लेक्लेर व त्याचा सोबती हे दोघेही गेले. त्यांचे देह मिळाले नाहीत. लेक्लेर तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. चित्रपटात त्याची आई येते आणि मुलाविषयी बोलते. तिचे बोल येथे उतरवण्याचे धैर्य आम्हांला होत नाही. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी हा चित्रपट एकटीने पाहू नये. पाहिल्यास मुलाला शेजारी बसवून पाहावा.

इतके मरण पाहिल्यावर वाचक म्हणतील, ह्या खेळांत आनंद आहे तरी काय? आनंद आहे, आणि तो पाहावयाचा असेल तर ब्रूस ब्राऊन यांचा ‘द एंडलेस समर’ पाहावा. माईक हिन्सन व रॉबर्ट ऑगस्ट हे दोन तरुण फळ्या बगलेत मारून उन्हाळ्याच्या मागे मागे जगभर फिरतात: सेनेगल, घाना, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ताहिती. जेथे लाट चांगली तेथे उतरतात. घानाच्या किनाऱ्यावर गावची मुले भोवती गोळा होतात. दक्षिण आफ्रिकेत वाळूच्या टेकड्या ओलांडताच पलीकडे एकामागून एक घडवल्यासारख्या लाटा दिसतात, तेव्हा त्या दोघांचे चेहरे पाहण्यासारखे आहेत. आफ्रिकी लोकांविषयीचे त्यातील काही विनोद आज कानाला बरे लागत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. वितरकांना वाटले, समुद्रापासून दूर राहणारे लोक हे कशाला पाहतील? तेव्हा ब्राऊन यांनी तो ऐन हिवाळ्यात कॅन्सस प्रांतातील विचिटा शहरी लावून दाखविला आणि चित्रगृह भरून गेले. १९६६ साली तो सर्वत्र प्रदर्शित झाला. भाचा आणि आम्ही त्या रात्री हसतच झोपावयास गेलो.

पण लाटांच्याच दुनियेतील आणखी एक हकीगत आहे आणि ती सांगितल्याखेरीज हे लेखन अपुरे राहील. ‘रायडिंग जायंट्स’ या २००४ च्या चित्रपटात ती आली आहे. २३ डिसेंबर १९९४ रोजी, नाताळच्या दोन दिवस आधी, कॅलिफोर्नियातील मॅव्हरिक्स येथे मोठ्या लाटा उसळल्या होत्या. हवाई बेटांतील प्रसिद्ध खेळाडू मार्क फू एका लाटेवरून कोसळला. त्या वेळी तेथे कॅमेऱ्यांची मुळीच वाण नव्हती. त्याचे पडणे टिपलेही गेले. पण तो पाण्यातून वर आला नाही, हे बराच वेळ कोणाच्या ध्यानातच आले नाही. पुढे पुष्कळ वेळाने त्याचा देह सापडला. इतके डोळे होते, पण प्रत्येक डोळा पुढच्या लाटेकडे लागलेला होता.

ह्या ठिकाणी आम्हांला एका थोर पुरुषाची आठवण होते. पोप अकरावे पायस हे पूर्वाश्रमीचे अकिले रात्ती, मिलान येथील धर्मगुरू व ग्रंथपाल, आणि पक्के गिर्यारोहक. १८८९ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते आपले मित्र फादर ग्रासेली व दोन वाटाडे यांच्यासह मॉन्टे रोझाची अत्यंत कठीण पूर्व बाजू चढून गेले आणि शिखराजवळ खडकाच्या एका अरुंद कंगोऱ्यावर त्यांनी कडाक्याच्या थंडीत रात्र काढली. चढाई म्हणजे जिवावर उदार होणे नव्हे. ती प्रामुख्याने सावधगिरीची व निसर्गावरील प्रेमाची बाब आहे, असा त्यांच्या लिहिण्याचा रोख होता. १९२३ साली त्यांनी संत बर्नार्ड यांना आरोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. आणि नवल हे की, १९३६ साली चित्रपटांविषयी परिपत्रक काढणारे पोपही हेच. चित्रपटाची शक्ती मोठी आहे, ती मनाला वर नेऊ शकते तशी खालीही ओढू शकते, म्हणून सावध राहावे, असे त्यांनी सांगितले. चित्रपट हीच मुळात वाईट वस्तू आहे असे म्हटले नाही. डोंगर आणि चित्रपट, दोहोंनाही त्यांनी एकाच मापाने मोजले म्हणावयाचे.

तेव्हा, ताई, आता आपल्या प्रश्नाचे उत्तर.

चित्रपट बंद करू नका. बंद केलेले दार मुलगा शेजारच्या घरी उघडील, आणि तेथे त्याला पुन्हा तीच तुकड्यातली चार मिनिटे दिसतील. खरा अपाय त्या तुटक्या तुकड्यांनी होतो, कारण त्यांत सराव दिसत नाही, परत फिरणे दिसत नाही, ओझे वाहणारे दिसत नाहीत आणि आईही दिसत नाही. म्हणून आपण त्याच्या शेजारी बसा आणि पूर्ण चित्रपट पाहा. समजले नाही तेथे त्यालाच विचारा. मुलांना आईला समजावून सांगणे फार आवडते. मग हळूच विचारा: ह्या माणसाने ह्या एका दिवसासाठी किती वर्षे घालविली? त्याचे ओझे कोणी वाहिले? तो परत कधी फिरला? आणि घरी त्याची वाट कोण पाहत होते?

त्याला चढावयाचेच असेल तर शिकू द्या. दार्जिलिंग येथे १९५४ साली स्थापन झालेली हिमालयन माऊंटेनियरिंग इन्स्टिट्यूट आहे, जेथे स्वतः तेनसिंग नोर्गे यांनी कित्येक वर्षे मुलांना शिकविले. उत्तरकाशी येथे १९६५ पासून नेहरू गिर्यारोहण संस्था आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर दोर, शिरस्त्राण व जाणता गुरू यांसह चढणाऱ्या मराठी मंडळींचे संघही पुष्कळ आहेत. तेथे त्याला पहिल्याच दिवशी शिकवतील ते चढणे नव्हे, तर गाठ बांधणे. आणि दुसऱ्या दिवशी शिकवतील ते दुसरा चढत असताना खाली उभे राहून त्याचा दोर धरणे. ज्याला दुसऱ्याचा दोर धरता येत नाही, त्याला तेथे कोणी चढू देत नाही. आमच्या मते ही शिकवण डोंगरापुरती नाही.

आणखी एक. त्या सोबत्यावर आपला राग आहे, हे पत्रावरून दिसते, आणि तो साहजिकच आहे. त्याने चित्रण केले, ते इतरांना पाठविले, हे वाईटच केले, आणि त्याबद्दल त्याने आपली क्षमा मागावयास हवी. परंतु पत्राच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, आपणच एक ओळ लिहिली आहे की, त्यानेच मुलाला दुचाकीवर बसवून दवाखान्यात नेले. म्हणजे पडलेला मित्र पाहताच मोबाईल खिशात गेला आणि हात पुढे झाला. गावभर फिरलेल्या चित्रणात ही गोष्ट नाही. मनगटाचे प्लास्टर निघाले की एखाद्या रविवारी मिस्सानंतर त्या मुलालाही घरी बोलवा, दोघांना जेवू घाला आणि तिघांनी मिळून तो दोर कापल्याचा चित्रपट पाहा. पुढे वाद काय झाला, ते आम्हांला अवश्य कळवा.